रागाचा रकाना

सांता रुफिना, १९ जानेवारी

सोराइदा,

चार वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणजे एक तर कुणी मेलं असणार, नाहीतर बापाला काहीतरी हवं असणार, असं तू म्हणशील. दोन्ही खरं आहे. पण आधी गंमत सांगतो.

आपलं गाव रागावलंय. माझ्या औषधांच्या दुकानात येणारा दर तिसरा माणूस फुलाचं पाणी मागतोय. तेच, संत्र्याच्या फुलांचं. कडाक्याचं भांडण झालं, राग पोटात राहिला आणि मग पोट पाण्यासारखं वाहायला लागलं, की तुझी आई दोन चमचे द्यायची ते. गेल्या वर्षी अख्ख्या जानेवारीत अकरा बाटल्या गेल्या होत्या. यंदा आज एकोणीस तारीख आणि त्रेसष्ट गेल्यात. कुणी काय नेलं ते मी नावानिशी लिहितो, तुला माहीत आहेच. ती वही वाचूनच तू माझ्या दुकानाला कुलूप लावायला लावलं होतंस. सवय तरीही गेली नाही.

बायको येते, म्हणते नवऱ्याचा राग पोटात गेला. नवरा येतो, म्हणतो सरकारचा गेला. गेल्या ऑगस्टात एका दिवसात भाव चढले तेव्हापासून रागाला कारण शोधावं लागत नाही, हे खरं. मीही काउंटरमागे हसून बाटली पुढे सरकवतो आणि म्हणतो, कमी भांडा, माझा माल संपतोय.

आता मेलं कोण ते सांगतो. कासिमिरो केरेवालू, तीन होड्यांचा मालक, लहानपणी तुला खांद्यावर बसवून धक्क्यावर न्यायचा तो. मंगळवारी सकाळी बर्फवाल्याशी भांडला. दुपारी पोट सुटलं, संध्याकाळी आवाज गेला. माझ्याकडे निरोप आला तेव्हा मी बाटली घेऊन गेलो, तर डोळे असे खोल गेलेले की मी ओळखलंच नाही. मध्यरात्रीच्या आत संपला. बैलासारखा माणूस, सकाळी होडी ढकलत होता. मयतीला सगळे म्हणाले, राग खाल्ला त्याला. मीही टोपी हातात धरून मान हलवली. पण पोरी, चाळीस वर्षं मी त्या माणसाला ओळखत होतो. तो रोज भांडायचा. रागानं मरायचा असता तर तुझ्या जन्माआधीच मेला असता.

म्हणून मी आरोग्यकेंद्रात गेलो. तिथं आता मारुहा पांता म्हणून नर्स आहे, कामाला वाघीण, शिक्षण नऊ महिन्यांचं. तिला सहज विचारलं, ही रागाची माणसं तू कुठं लिहितेस? ती म्हणाली, शनिवारी तुझ्या आरोग्य ऑफिसला जो तक्ता जातो त्यात ‘मनाचे व नसांचे विकार’ असा रकाना आहे. राग मनाचा, म्हणून तिथं. मी तिच्या खांद्यावरून डोकावलो. जुलाबाच्या रकान्यात चार. शेजारच्या रकान्यात एकेचाळीस.

असे सगळ्या किनाऱ्याचे तक्ते तुझ्या टेबलावर येतात आणि कुठं काय वाढतंय ते तू बघतेस, असं तुझ्या मावशीनं सांगितलं. तू जुलाबाचा रकाना बघत असशील आणि तुला वाटत असेल, सांता रुफिनात सगळं ठीक. शेजारचा बघ. मला हवं आहे ते एवढंच.

ज्या गोळ्यांवरून कुलूप लागलं, त्या सुट्या विकत नाही आता. विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

एलेउतेरिओ

(हे पत्र बसवाल्याच्या हाती देतोय. टपालावर माझा भरवसा नाही, आणि टेलिफोनचा खांब अजून आडवाच आहे, चालते ती फक्त तार.)


२३ जानेवारी

सोराइदा,

पहिलं पत्र पोचलं का, कळायला मार्ग नाही. बसवाला म्हणतो, तुमच्या दारावरच्या शिपायाकडे दिलं. त्या पत्रात मी हसत होतो. ते विसर.

काल दोमिंगा एचे दुकानात आली. तिच्या नातवाला, विल्मेरला, बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं होतं, म्हणून ती मला कोम्पाद्रे म्हणते आणि उधारीवर नेते.

“कोम्पाद्रे, अजून एक बाटली दे. पोराला राग बाधलाय.”

मी हसलो. “आठ महिन्यांचं पोर ते. भांडलं कुणाशी?”

“माझ्याशीच असणार. परवा दूध द्यायला उशीर केला मी.”

ती चेष्टा करत नव्हती. म्हणाली, आधी झोपावं म्हणून चार दिवस चमचा-चमचा दिलं, आता रागावर देतेय, तरी उतरत नाही. मी दुकान तसंच टाकून तिच्या घरी गेलो. पोर रडत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. रडतंय आणि गाल कोरडे. सोराइदा, मी आजवर पुष्कळ आजारी पोरं पाहिलीत, असं पाहिलं नाही. तू शाळेत शिकून आली होतीस ते मीठ-साखरेचं पाणी तिला करून दिलं आणि म्हटलं, दर पाच मिनिटांनी चमचा, झोपू नकोस.

परत येऊन स्टुलावर बसलो आणि एकेकाचं नाव आठवायला लागलो. जाळी विणणारा मुका सान्तोस, जन्मात कुणावर डोळे वटारले नाहीत त्यानं. चॅपेल झाडणारी म्हातारी फिदेलिया, तिला कुत्र्यानं चावलं तर ती कुत्र्याची माफी मागेल. दोघांना राग झाला म्हणे. फिदेलिया काल गेली. ही माणसं रागावतील कशी? आणि आठ महिन्यांच्या पोराच्या पोटात राग येईल कुठून?

हा राग नाही. काय आहे ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल, आणि नसलं तरी शोधायचं कसं ते माहीत आहे.

दोन फेब्रुवारीला कुमारीमातेची जत्रा. सहा गावांहून होड्या येतील. धक्क्यावर लिंबू पिळलेली कच्ची मासळी पातेली भरभरून वाटतील, एकाच पिपातून मक्याची दारू पितील आणि तिसऱ्या दिवशी आपापल्या गावी जातील. जाताना काय घेऊन जातील, या विचारानं मला जेवण जात नाही.

मला भीती वाटते. छप्पन्न वर्षांत हे वाक्य मी लिहिलेलं नाही. मासळीच्या पाट्या वाहिल्या, बसमध्ये डोकेदुखीच्या पुड्या विकल्या, तुरुंगात दोन रात्री काढल्या, तेव्हाही नाही.

ये. माझ्यासाठी नको येऊस.

तुझा बाप


२६ जानेवारी

सोराइदा,

तुझ्याकडून दोन गोष्टी आल्या. एक तार आरोग्यकेंद्राला, एक टाइप केलेलं पत्र मला.

आधी तारेचं सांगतो, कारण तिनं घात केला. तू लिहिलंस: ‘शंका कोलेरा. नावे पाठवा. उपचार सुरू करा.’ आता आपल्या भाषेत त्या रोगाला कोलेरा म्हणतात आणि रागालाही कोलेराच. बोलताना आधी एक इवलासा शब्द लावतो त्यावरून कळतं, राग की रोग. तारेत तुम्ही इवले शब्द वाचवता. तुझ्या डोळ्यांपुढे रोग होता. मारुहानं राग वाचला. रोगाचं नाव तिनं पुस्तकातही धड पाहिलेलं नाही, आपल्याकडे तो शंभर वर्षांत कुणी पाहिलेला नाही. ती केवढी खूश झाली म्हणून सांगू. “बघा, मोठ्या डॉक्टरीणबाईंनाही शंका आली. रागच आहे,” असं म्हणत तिनं ती तार केंद्राच्या दारावर चिकटवली.

तासाभरात माझ्या दुकानापुढे रांग. सरकारी शिक्का मिळाला होता ना रागाला. लोकांचे चेहरे उजळलेले. कशानं मरतोय ते कळलं, म्हणजे अर्धं बरं झाल्यासारखं वाटतं माणसाला.

मी केंद्राच्या पायरीवर उभा राहिलो आणि सांगितलं, हा तो राग नव्हे, हा पटकीचा रोग आहे, पाण्यातून येतो, पाणी उकळा. बर्फवाला म्हणाला, “एलेउतेरिओ, तू औषधं विकतोस. तू डॉक्टर नाहीस.” सगळे हसले. चार वर्षांपूर्वी तूही हेच वाक्य म्हणाली होतीस, याच पायरीवर. तेव्हा तू बरोबर होतीस, म्हणून मी पायरीवरून बाजूला झालो. मारुहाला मात्र आत नेऊन तुझं टाइप केलेलं पत्र दाखवलं, त्यात रोगाचा तो इवला शब्द होता, तेव्हा तिला कळलं. तार तिनं स्वतः फाडली. पण तोवर वाचायची ती सगळ्यांनी वाचली होती.

आता तुझं पत्र. ‘श्री. एलेउतेरिओ चुंगा पाइवा यांस. आपण दिलेल्या माहितीबद्दल आभार.’ आपण! मी मागे वळून पाहिलं, दुकानात आणखी कुणी आहे का. असो. तू तीन प्रश्न विचारलेत: कोण आजारी, कुठल्या दिवसापासून, आणि पाणी कुठलं पितात.

माणसं एकशे सात, त्यांत मेलेली नऊ. खालच्या आळीत टँकरचं पाणी, वरच्या आळीत चॅपेलच्या विहिरीचं. नावांची यादी वहीत आहे, पण वही भिजली. पन्हाळीखाली राहिली. वाळवून, उतरवून दोन दिवसांत पाठवतो. तोवर क्षाराच्या पुड्या पाठव, जितक्या असतील तितक्या. माझ्याकडच्या संपल्या.

रांगेला काय उत्तर दिलं, ते विचारू नकोस.

विल्मेर आहे. अजून.

एलेउतेरिओ


२८ जानेवारी

सोराइदा,

वही भिजली नाही. इथं जानेवारीत थेंबभर पाऊस पडत नाही, हे तू लगेच ओळखलं असशील.

झालं ते असं. तुझं पत्र आलं त्या दुपारी मी यादी करायला बसलो. खरं सांगतो, मिरवायलाच बसलो होतो. म्हटलं, पोरगी बघू दे, बाप शिकला नाही पण काय मांडणी करतो. नाव, घर, दिवस, पाणी. खालच्या आळीत टँकरचं पाणी पिणारी माणसं धडाधड आजारी, ते सरळ होतं. टँकरवाला कुठून भरतो ते देवाला ठाऊक. पण वरच्या आळीत नऊ जण निघाले, आणि ते तर टँकरचं पाणी पीत नाहीत.

मी म्हटलं, मग विहीरही बिघडली. वर जाऊन आलो, दारोदार फिरलो. विहिरीवर चाळीस घरं. ज्या घरांत हे नऊ, तिथंही बाकीची माणसं धडधाकट, त्याच घागरीतलं पाणी पिणारी. मग या नऊ जणांनी असं काय केलं जे बाकीच्यांनी केलं नाही?

वही मागे उलटली. नऊच्या नऊ नावं तिथं होती. फुलाचं पाणी. आणि तारखा बघ, सोराइदा, मी तीनदा पाहिल्या. आजारी पडल्यावर नेलेली नाही बाटली. आधी. फिदेलियानं छातीत धडधडतं म्हणून नेली, अठरा तारखेला. आजारी पडली वीसला. एकीनं लग्नाच्या धास्तीनं नेली, एकानं झोप येत नाही म्हणून. दोमिंगाही वरच्या आळीतली. ती दूध विहिरीच्या पाण्यात कालवते, तेही उकळून. आणि त्या पोराला झोपावं म्हणून चार दिवस चमचा-चमचा.

बाटली कशी होते ते तुला माहीत नाही, कारण तू नाक मुरडून मागच्या खोलीत कधी आली नाहीस. लिमाहून अर्काचा डबा येतो. एक भाग अर्क, वीस भाग पाणी. पाणी मागच्या पिपातलं, पीप टँकरवाला भरतो. तुझी आई ते उकळून घ्यायची. मीही घ्यायचो, गेल्या ऑगस्टात केरोसीन चढेपर्यंत. मग म्हटलं, फुलाच्या वासाला काय कळतंय.

म्हणजे टँकरचा रोग ज्यांच्या दारी पोचला नसता, त्यांना मी तो बाटलीत भरून, बूच लावून, वर एक शहाणपणाचा शब्द बोलून दिला. आणि खालच्या आळीत जे आधीच आजारी होते, त्यांना वर दोन चमचे आणखी.

मी ठणठणीत आहे. का ते तू विचारशीलच, म्हणून लिहितो. मी स्वतः विहिरीचं पितो, आणि ते फुलाचं पाणी कधी पीत नाही. त्यात काय आहे ते मला माहीत होतं ना: वास आणि पाणी.

तारेच्या दिवशी रांग लागली तेव्हा मला नऊ नावांचं हे कळलेलं नव्हतं. पण पाण्यातून येतो, हे मी स्वतः पायरीवरून ओरडून आलो होतो, आणि पीप माझ्या मागेच होतं. शंका आली होती. रांगेकडे पाहिलं आणि शंका खिशात घातली. एकोणीस बाटल्या विकल्या. त्यानंतर यादी केली, मग वही भिजवली, म्हणजे भिजली असं तुला लिहिलं, आणि त्यानंतर झोप आलेली नाही.

पीप फोडलंय. दार लावलंय. सोबत वहीच पाठवतो, नक्कल नाही. नक्कल केली तर माझा हात कुठंतरी एखादं नाव गाळेल, मला माझा हात माहीत आहे. या वहीवरून ते मला तुरुंगात घालू शकतील. तू घातलंस तरी चालेल. पण आधी जत्रा थांबव.

एलेउतेरिओ


३ फेब्रुवारी

सोराइदा,

तू शाळेत, तुमच्या तात्पुरत्या इस्पितळात आहेस, माझ्या दारापासून दोनशे पावलांवर, आणि मी तुला पत्र लिहितोय. करणार काय? आल्यापासून तू माझ्याशी फक्त फॉर्म हातात घेऊन बोलतेस. ‘आपलं वय? आपलं पाणी? आपल्याला उलटी?’ मी उत्तरं दिली. तू लिहून घेतलीस. तुझं अक्षर आईसारखं झालंय.

जत्रा थांबली. होड्या तुम्ही धक्क्यावरूनच परत लावल्यात, पातेली वाळूत उपडी केलीत. आता गाव खरंच रागावलंय, आणि गंमत म्हणजे फुलाचं पाणी मागायला कुणी आलं नाही.

काल सकाळचं मला लिहायचंय. तुझी पांढऱ्या कोटातली माणसं दारं वाजवून थकली होती. उरलेल्या बाटल्या गोळा करायच्या होत्या, आणि आतून एकच उत्तर: आमच्यात कुणी रागावलेलं नाही, पुढं जा. तेव्हा तू माझ्याकडे आलीस, वही उघडी करून, आणि म्हणालीस, “आपण पुढे चला. कुणी विकलं ते आपणच सांगा.”

मला वाटलं होतं, तुरुंग. तुरुंग परवडला असता.

पहिलं दार तू दोमिंगाचं निवडलंस. मुद्दाम की वहीत पहिलं म्हणून, मला माहीत नाही. पोर तिकडे शाळेत तुझ्याच खाटेवर, डोक्याच्या शिरेत सलाइनची सुई घालून, आणि ती कपडे न्यायला घरी आलेली. मी टोपी काढली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, सुरुवात टँकरवाल्यापासून करणार होतो. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“दोमिंगा, पोराला राग नव्हता. माझ्या बाटलीतलं पाणी वाईट होतं. मी ते उकळलं नाही.”

ती ओरडेल असं वाटलं होतं. मी त्याची वाट पाहत होतो, खरं तर. ती आत गेली. येताना बाटली घेऊन आली, अर्धी भरलेली. बूच काढलं आणि माझ्यापुढे धरली.

“पी, कोम्पाद्रे.”

मी घेतली. संत्र्याच्या फुलांचा वास आला. तू मागे उभी होतीस, तुझी दोन माणसं, समोरच्या घरातली सगळी. सोराइदा, मी ती तोंडाजवळ नेली, हे सगळ्यांनी पाहिलं आणि आज गावात त्याचीच चर्चा आहे. पण तुला खरं सांगतो, मी प्यायलो नसतो. माझे ओठ आवळून बंद झाले होते. तिचा नातू चार दिवस ते प्यायला आणि मला एक घोट जमत नव्हता.

तू बाटली माझ्या हातातून काढून घेतलीस. म्हणालीस, “हा नमुना आहे.” बूच लावलंस, चिठ्ठी चिकटवलीस, नंबर घातलास. सगळं कसं सरकारी. मग तू माझा हात धरून मागच्या बाजूची कातडी चिमटीत उचललीस, आजाऱ्यांची उचलता तशी, शरीरात पाणी आहे का ते बघायला. कातडी लगेच खाली बसली. ठणठणीत. तरी तू आणखी एकदा उचललीस.

बाटली नमुन्यासाठी घेतलीस की माझ्यासाठी, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं नाही, ‘आपण’ लावून तर मुळीच नाही.

दोमिंगानं दार लावलं नाही, एवढं सांगतो. ती आमच्याबरोबर दुसऱ्या घरापर्यंत आली आणि तिथं माझ्याआधी तीच बोलली. काय बोलली ते मी इथं लिहिणार नाही. ते माझ्याबद्दल होतं आणि सगळं बरोबर होतं. त्या घरानं तीन बाटल्या काढून दिल्या.

काल आणि आज मिळून बावीस दारं झाली. आज दुपारी मारुहा सांगत होती, नवे आजारी सात, कालपेक्षा चार कमी, आणि तिनं ते जुलाबाच्या रकान्यात लिहिलेत. एका दिवसावरून काही ठरवायचं नाही, असं तू तिला म्हणालीस. मी खिडकीबाहेर होतो, माझे कान तुला माहीत आहेत. विल्मेरबद्दल तू काय म्हणालीस ते मात्र मला ऐकू आलं नाही. आवाज खाली केलास तू.

उद्या एकोणीस दारं उरलीत. सान्तोसचं आहे त्यात. मुका गेला परवा, त्याची बायको आहे. मी पुढे होईन. तुला बोलायला लागणार नाही, वहीही मीच धरेन. तू फक्त काल होतीस तिथं उभी राहा, माझ्यामागे, हातभर अंतरावर.

तुझा बाप